शॉवरचा सिंगल लिव्हर गळतोय, टाइल न फोडता घरच्या घरी जमेल का? (आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या आत!)

गिरणाकाठ (धागाकर्ता) | सोमवार, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी. बाथरूमच्या भिंतीत बसवलेला सिंगल लिव्हर डायव्हर्टर आहे, म्हणजे पाणी वरच्या शॉवरला की खालच्या तोटीला हे बटणाने बदलणारा नळ. एकच दांडी, वर उचलली की पाणी, डावीकडे गरम, उजवीकडे गार. पंधरा दिवसांपासून दांडी पूर्ण खाली दाबली तरी टप, टप, टप. काल रात्री बादली लावली. अकरा ते सहा, सात तासांत सव्वा लिटर.

प्लंबर येऊन गेला. पाच मिनिटांत निकाल दिला, "आतली बॉडी गेली. टाइल फोडावी लागेल. बॉडी, मजुरी, मिस्त्री धरून साडेआठ हजार." आणि तेही आखाजीनंतर. आखाजीला दोन्ही बहिणी, चार भाचरं, आणि मी बाथरूम फोडून ठेवू? त्यात त्या डिझाइनची टाइल आता मिळत नाही.

माझं निरीक्षण असं की थेंब कोमट लागतो. म्हणजे गीझरच्या बाजूने गळत असणार. गीझर होळीपासून बंद आहे, पण लाइन जोडलेलीच आहे. कोणी हे स्वतः उघडलंय का? हत्यारं म्हणून पक्कड, पेचकस, एक पाना आणि भरपूर उत्साह आहे.

शेवभाजी_४२५००१ | सोमवार, रात्री ९.५२

उत्साहाने किती नट आवळता येतात ते कळवा. :)

पांझरा | सोमवार, रात्री १०.०५

आधी कंपनी सांगा.

गिरणाकाठ | सोमवार, रात्री १०.०८

कंपनीचं नाव नको, मागच्या वेळी कूलरच्या धाग्यावर काय झालं ते आठवा. चांगल्यापैकी आहे एवढंच म्हणतो.

कडकऊन | सोमवार, रात्री १०.३१

तोटी गळते म्हणून पोस्ट लिहिण्याआधी एक सोपी गोष्ट बघा. थेंब कुठून पडतो? वरच्या शॉवरमधून की खालच्या तोटीतून? हल्ली ते ताटाएवढे शॉवर लावतात ना, त्यात पाणी साचून राहतं आणि बंद केल्यावर दहा-पंधरा मिनिटं ठिबकतं. ती गळती नाही. आमच्या सासऱ्यांनी त्यासाठी तीन वेळा माणूस बोलावला होता.

गिरणाकाठ | सोमवार, रात्री १०.४०

बटण सोडलेलं असेल तर खालच्या तोटीतून, ओढून ठेवलं तर वरून. आणि रात्रभर.

निवृत्त_फिटर | सोमवार, रात्री ११.१५

भुसावळला रेल्वेत बत्तीस वर्षं पान्याशीच खेळलो, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

बटण हलवल्यावर थेंबही जागा बदलतो, म्हणजे डायव्हर्टरचं काम ठीक आहे. पाणी त्याच्याही आधी निसटतंय. तुमच्या दांडीच्या मागे एक प्लास्टिकची डबी असते, दुकानात तिला कार्ट्रिज म्हणतात. तिच्यात सिरॅमिकच्या दोन चकत्या, एक स्थिर, एक दांडीबरोबर सरकणारी. भोकांवर भोक आलं की पाणी, नाही तर बंद. डबीच्या बुडाशी रबरी सील. ते रबर कडक झालं किंवा चकत्यांच्या मधे काही अडकलं की गळायला लागतं. बॉडी म्हणजे पितळ. ती तडकल्याशिवाय जात नाही, आणि तडकली तर पाणी तोटीतून नव्हे, भिंतीतून येतं. तुमच्या भिंतीला ओल आहे का? नसेल तर साडेआठ हजार खिशात ठेवा.

दुसरं, थेंब कोमट लागतो म्हणून गीझरची बाजू, हे अनुमान चुकीचं आहे. भाऊ, एप्रिल चालू आहे. गच्चीवरच्या काळ्या टाकीतलं पाणी दुपारी हात घालू देत नाही, रात्री अकरालाही कोमटच. हात लावून निदान फक्त डिसेंबरात करायचं. आत्ता करायचं असेल तर गीझरला गार पाणी आत जातं तिथला अँगल कॉक बंद करा आणि अर्धा तास थांबा. गीझरमध्ये पाणी शिरलं नाही तर बाहेरही पडत नाही. थेंब थांबला तर गरम बाजू, चालू राहिला तर गार.

केळीवाला_रावेर | सोमवार, रात्री ११.२८

फिटरकाका दंडवत. पण एक शंका. दोन्ही बाजू त्याच एका डबीत आहेत, डबी बदलायचीच आहे, मग गरम की गार हे शोधून काय मिळवायचं?

निवृत्त_फिटर | सोमवार, रात्री ११.३६

वेळ मिळवायचा. गरम बाजू असेल तर तो कॉक बंद ठेवा, गीझर तसाही दिवाळीपर्यंत लागणार नाही. आखाजी निर्धास्त करा.

पांझरा | मंगळवार, सकाळी ७.१०

हे भारी आहे. वाखु (वाचनखूण) साठवली.

माहेरवाशीण | मंगळवार, सकाळी ८.४५

तुमच्या बहिणींच्या वतीने लिहिते. आम्हाला माहेरी शॉवर नको असतो. झोका, सांजोऱ्या, आमरस आणि दुपारी कोणी उठवू नये, एवढंच. बादली-तांब्या ठेवा आणि नळाच्या मागे लागू नका. आमचे दादा मागच्या आखाजीला पंखा दुरुस्त करत होते, तो अजून पेटीत आहे.

कडकऊन | मंगळवार, सकाळी ९.०२

अनुमोदन. तसंही खान्देशात शॉवर हवाच कशाला? बादलीत पंधरा-वीस लिटरमध्ये माणूस स्वच्छ. शॉवरखाली दोन मिनिटं उभं राहिलं की तेवढं गेलं, आणि दोन मिनिटांत कोण बाहेर येतं? आमच्या कॉलनीत नळ चार दिवसांआड.

शेवभाजी_४२५००१ | मंगळवार, सकाळी ९.२०

शॉवर लागतो हो. मे महिन्यात रात्री दोनला उठून त्याच्याखाली उभं राहायला. साबण न लावता.

कडकऊन | मंगळवार, सकाळी ९.२४

त्या वेळी पाणी गार येतं का?

शेवभाजी_४२५००१ | मंगळवार, सकाळी ९.२६

नाही. पण वाफ होऊन जाताना बरं वाटतं.

सातपुडा_पायथा | मंगळवार, सकाळी १०.५०

अवांतर होतंय, पण पाण्याचा विषय निघालाच आहे तर. धुळे-साक्रीकडे पांझरेवर फड पद्धत आहे. नदीवर दगडी बंधारा, त्यातून पाट, पाटाखालच्या शेतीचे फड, म्हणजे तुकडे, पाडलेले. पाणी कोणाच्या शेतात किती वेळ जाईल हे बघायला गावाने नेमलेला पाटकरी, त्याच्यावर हवालदार, आणि पिकाच्या राखणीला जागल्या. कोणी स्वतःच्या मर्जीने दारं उघडू शकत नाही. शेकडो वर्षांपूर्वी शेतातल्या पाण्याची थेंबाथेंबाची व्यवस्था लावणारे आपण, आणि घरातली एक तोटी बंद होत नाही.

पांझरा | मंगळवार, सकाळी ११.०५

आमच्या घरी पाटकरी आई आहे. कोणी नळ वाजवला की स्वयंपाकघरातून आवाज येतोच.

नंदुरबारची_मिरची | मंगळवार, दुपारी १.१५

मी सांगू का खरं? आमच्याकडे असंच झालं होतं. मिस्टरांनी दांडी जोर लावून खाली दाबायची सवय लावून घेतली होती, जुन्या चावीच्या नळाला आवळतात तशी. त्यात रबरी वायसर असायचा, आवळलं की दाबून बसायचा. या नव्या दांडीला दाबून काही होत नाही, चकत्या सरकल्या की संपलं. जोर लावून लावून आतला प्लास्टिकचा तुकडाच मोडला. मग कार्ट्रिज बदललं, साडेतीनशे रुपये, दीड तास. त्यातला एक तास "स्क्रू कुठे गेला" यात.

केळीवाला_रावेर | मंगळवार, दुपारी २.४०

आमच्याकडे यावल-रावेर पट्ट्यात तापीचा गाळ, बोअर खोल, आणि पाण्याबरोबर बारीक वाळू. सिरॅमिकवर वाळूचे ओरखडे पडतात आणि गळतं. मी चकत्या काढून शून्य नंबरच्या पॉलिश पेपरवर घासल्या होत्या. दोन महिने चाललं.

निवृत्त_फिटर | मंगळवार, दुपारी ४.००

केळीवाले, रागावू नका, पण हे कोणी करू नका. त्या चकत्या आरशासारख्या सपाट असतात. ओल्या करून एकमेकींवर ठेवल्या तर चिकटून बसतात, ओढून निघत नाहीत, त्यावर सगळा खेळ आहे. हाताने कागदावर घासली की मधे खड्डा, कडा गोल. दोन महिने चाललं ते नशीब.

आणि ओरखड्याबद्दल. चकती बहुधा अॅल्युमिनाची असते. मोसच्या कठीणपणाच्या मापात ती ९, वाळूतला क्वार्ट्झ ७. वाळूने तिच्यावर सहजासहजी रेघ उमटत नाही. खडा मधे अडकून दोन चकत्यांना एकमेकींपासून उचलून धरतो, किंवा कडेचा टवका काढतो. त्यावर इलाज टाकीच्या बाहेर पडणाऱ्या पाइपाला जाळीचा फिल्टर, सँडपेपर नव्हे.

केळीवाला_रावेर | मंगळवार, दुपारी ४.१२

चुकलं. फिल्टर लावतो. पण पॉलिश पेपर घासायला मजा आली होती हे खरं.

कडकऊन | मंगळवार, सायंकाळी ५.३०

वाळूपेक्षा आमच्याकडे क्षार. बोअरच्या पाण्याचा रिपोर्ट काढला होता, कठीणपणा ५४० मिलिग्रॅम प्रतिलिटर. भारतीय मानक १०५००:२०१२ प्रमाणे २०० पर्यंत चांगलं, दुसरा स्रोत नसेल तर ६०० पर्यंत चालवून घ्या. म्हणजे आम्ही "चालवून घ्या"मध्ये आहोत. शॉवरची भोकं दर दोन महिन्यांनी व्हिनेगरच्या पिशवीत बांधून ठेवावी लागतात. सासूबाई म्हणतात लिंबू वापरा. मेमध्ये लिंबाचा भाव बघितला आणि व्हिनेगरच बरं वाटलं.

न्यू_जर्सीतला_अमळनेरकर | मंगळवार, रात्री १०.०५

इथून सप्रेम नमस्कार. इथल्या घरात मी हे दोनदा केलंय, पण इथली रचना वेगळी आहे, त्यामुळे इथले व्हिडिओ बघून गोंधळू नका. इथे शॉवरला बहुतेक ठिकाणी एकच गोल मूठ, फिरवत गेलं की गार, कोमट, गरम. आत दाब सांभाळणारी यंत्रणा असते. कोणी संडासात फ्लश केला आणि गार पाण्याचा दाब पडला की ती गरम पाणीही कमी करते, नाहीतर अंगावर एकदम कढत पाणी यायचं. कार्ट्रिज घोड्याच्या नालेसारख्या एका क्लिपने अडकवलेलं असतं. क्लिप काढली तरी क्षारांमुळे डबी हलत नाही, ओढून काढायचं खास हत्यार मिळतं. मी पहिल्यांदा पकडीने ओढलं आणि अर्धं हातात आलं, अर्धं भिंतीत राहिलं. बायको त्या दिवशी शेजारणीकडे अंघोळीला गेली.

एका दांडीच्या नळाची गोष्टही गमतीची आहे. १९३७ साली आल्फ्रेड मोएन नावाचा विद्यार्थी सिअॅटलला होता. दोन चाव्यांच्या नळाखाली त्याचे हात भाजले आणि त्याच्या डोक्यात आलं की एकाच दांडीने गरम-गार आधीच मिसळून का येऊ नये. त्याचा नळ विकायला यायला १९४७ उजाडलं.

शेवभाजी_४२५००१ | मंगळवार, रात्री १०.१४

तो जळगावात शिकायला असता तर एकाच दांडीचीच काय, एकाच पाइपाची कल्पना सुचली असती. मार्च ते जून गरम पाण्याची वेगळी लाइन कशाला?

गिरणाकाठ | मंगळवार, रात्री १०.५०

फिटरकाका, परीक्षा केली. गीझरचा अँगल कॉक बंद करून अर्धा नव्हे, दीड तास थांबलो. थेंब चालूच. म्हणजे गार बाजू. माझं कोमटचं संशोधन पाण्यात.

भिंतीला ओल अजिबात नाही. म्हणजे उघडायचंच. क्रम सांगा, गुरुवारी सुट्टी आहे.

निवृत्त_फिटर | बुधवार, सकाळी ६.३०

लिहितो, घाई करू नका.

पहिलं पाणी बंद. तुमच्या बाथरूमला वेगळा कॉक असेल तर तो, नसेल तर गच्चीवरचा. मग दांडी उचलून पाइपात राहिलेलं पाणी सोडून द्या. गीझरचं बटण बंद आहे ना, पुन्हा एकदा बघा. रिकामा गीझर चालू राहिला तर कॉइल जाते. मोरीच्या जाळीवर जुना टॉवेल टाका, नाहीतर मिरचीताईंसारखा एक तास जाईल.

दांडीच्या खाली किंवा पुढच्या लाल-निळ्या टिकलीमागे बारीक भोक असतं, आत ग्रब स्क्रू, म्हणजे बिनडोक्याचा बारीक स्क्रू. त्याला एलन की (षटकोनी चावी) लागते, बहुतेक अडीच एमएम. तो काढून टाकायचा नाही, सैल करायचा. दांडी पुढे ओढली की येते. मग भिंतीवरची गोल तबकडी, तिच्या मागे घुमटासारखं कव्हर, हाताने फिरतं. नाही फिरलं तर कापड गुंडाळून पक्कड, उघडी पक्कड लावाल तर चकाकी गेली. त्याच्या आत पितळी नट. तो पान्याने उलटा फिरवा. मग डबी सरळ बाहेर.

बाहेर ओढण्याआधी फोटो काढा. डबीची कुठली बाजू वर आहे ते दिसलं पाहिजे. हे मी मुद्दाम वेगळं का लिहिलं ते ज्यांनी फोटो काढला नाही त्यांना माहीत आहे.

डबी घेऊन दुकानात जा. "सिंगल लिव्हरचं द्या" एवढं म्हणून चालत नाही. ३५ एमएमचं असतं, ४०चं असतं. बुड सपाट असतं किंवा पाय असलेलं असतं. जुनी डबी काउंटरवर ठेवा आणि दोन्ही शेजारी धरून बघा. बसवताना भिंतीतल्या बुडातला क्षार लाकडी काडीने खरवडा, पेचकसाने नको. रबराला लावायचंच तर सिलिकॉन ग्रीस. तेल, व्हॅसलीन लावलं तर ते रबर फुगतं. नट हाताने बसेपर्यंत फिरवा, मग पान्याने अलगद. फार आवळलं तर दांडी जड होते आणि मग तुम्ही ती जोराने दाबता. पुढची गोष्ट वर आलेली आहे.

माहेरवाशीण | बुधवार, सकाळी ७.५५

काका, तुम्ही स्वयंपाकाच्या पाककृती पण लिहा. फिटर लोक प्रमाण बरोबर सांगतात.

गावठाण_आप्पा | बुधवार, सकाळी ११.४०

प्लंबरले बलावापेक्षा तू सोताच करी टाक भाऊ. काय व्हई जास्तीमां जास्ती? पानी उडी. उन्हायामां पानी अंगवर उडनं ते गार वाटी.

पांझरा | बुधवार, दुपारी १२.०२

आप्पा, तुम्हनं बरोबर शे, पण तेन्हा टाकीनं पानी बी तातंच शे ना!

सातपुडा_पायथा | बुधवार, सायंकाळी ६.२०

त्या प्लंबरची बाजू कोणीच मांडली नाही म्हणून मी मांडतो. भिंतीतल्या डायव्हर्टरमध्ये कार्ट्रिज समोरून निघतं हे खरं, पण मिस्त्रीने बॉडी टाइलच्या खूप आत दाबली असेल तर पाना आत जातच नाही. मग टाइल फोडण्याशिवाय त्याला दुसरं सुचत नाही. शिवाय कार्ट्रिज बदलून पुन्हा गळालं तर शिव्या त्यालाच, म्हणून तो सगळंच नवीन सांगतो. पाचशेच्या कामासाठी साडेआठ हजार सांगणं चूकच, पण सगळाच लबाडपणा नसतो.

कडकऊन | बुधवार, सायंकाळी ६.४५

निम्मा नसतो.

गिरणाकाठ | गुरुवार, दुपारी १२.३५

मंडळी, मधली सुट्टी झाली आहे. तब्येत ठीक, अंगावरचे कपडे ओले.

एक, गच्चीवरचा गेट व्हॉल्व्ह. चाक फिरवून फिरवून दमलो, पूर्ण बंद होतच नाही. आमच्या घरात तो कधीच कोणी बंद केलेला नव्हता. शेवटी टाकीत हात घालून बाहेर जाणाऱ्या भोकात कापडाचा बोळा कोंबला.

दोन, सातपुडावाल्यांचं म्हणणं अक्षरशः खरं निघालं. मिस्त्रीने बॉडी टाइलच्या दीड इंच आत दाबली आहे. तबकडी काढली, कव्हर निघालं, नट दिसतो, पण माझा पाना तिथे फिरत नाही. भोकात तोंड घालून बघणाऱ्या मांजरासारखा मी आत बघतोय. आता काय?

निवृत्त_फिटर | गुरुवार, दुपारी १२.४८

आधी तो बोळा! त्याला सुतळी बांधली आहे का? पाण्याबरोबर बोळा पाइपात ओढला गेला तर मग खरोखरच टाइल फोडाल. आत्ताच्या आत्ता वर जा.

नटासाठी खोल सॉकेट लागेल. सायकलच्या दुकानात मिळणार नाही. ट्रॅक्टरच्या गॅरेजला विचारा, त्यांच्याकडे मोठ्या मापाची सॉकेट असतात. नटाचं माप घेऊन जा. आणि दांडीचा खुंट आत मावेल एवढं सॉकेट खोल हवं.

गिरणाकाठ | गुरुवार, दुपारी १.०२

सुतळी नव्हती. आता आहे. बोळा अर्धा आत गेला होता.

शेवभाजी_४२५००१ | गुरुवार, दुपारी १.१०

नळ दुरुस्तीला ट्रॅक्टर आला. आता जेसीबी कधी?

नंदुरबारची_मिरची | गुरुवार, दुपारी १.३०

जेवण करून घ्या आधी. उपाशीपोटी कोणाचा नट सुटत नाही.

गिरणाकाठ | गुरुवार, रात्री ९.२०

आता सविस्तर.

ट्रॅक्टरच्या गॅरेजवाल्याने सॉकेट दिलं, भाडं घेतलं नाही, फक्त "बाथरूममां?" असं तीन वेळा विचारलं. नट सुटला. डबी बाहेर. बुडाशी तीन रबरी सील, त्यातल्या एकाचा कडकडीत बिस्किटासारखा तुकडा पडलेला. हाच सव्वा लिटरचा मालक.

मग दुकान. तिथल्या पोराने डबीकडे न बघताच "३५चं" म्हणून पाकीट पुढे केलं. मला खात्री वाटेना, त्याच्याकडे मोजायला काही नाही. शेजारी ओळखीचे सराफ आहेत, त्यांच्याकडे गेलो. जळगावचं सोन्याचं दुकान, काउंटरवर एका बाईंना मंगळसूत्र दाखवणं चाललेलं, आणि मी गळकी डबी पुढे केली. शेठनी शांतपणे व्हर्नियर लावला आणि म्हणाले, "चाळीस. घट नाही." चाळीसचं, पाय असलेलं, दुकानात एकच शिल्लक होतं. ४२० रुपये.

घरी येऊन बसवलं. पाणी सोडलं. पहिल्यांदा दांडीच्या मुळाशी झरा. नट पाव फेरा आवळला, झरा बंद. तासभर बादली ठेवली. कोरडी. पुन्हा तासभर. कोरडी! आईने येऊन बादलीत हात फिरवून खात्री केली आणि मग विचारलं, "गच्चीवरचं चाक कोण नीट करणार?"

एकूण खर्च ४२० आणि एलन कीचा संच १२०. म्हणजे ५४०.

कडकऊन | गुरुवार, रात्री ९.३३

अभिनंदन! ५४०, आमच्या पाण्याच्या कठीणपणाएवढेच.

केळीवाला_रावेर | गुरुवार, रात्री ९.४०

"चाळीस. घट नाही." हे मी आता सगळीकडे वापरणार.

न्यू_जर्सीतला_अमळनेरकर | गुरुवार, रात्री ९.५५

मन भरून आलं. इथे आखाजीला ना झोका ना सराफ. सांजोऱ्यांचा फोटो टाका.

पांझरा | गुरुवार, रात्री १०.०१

हिशोब मीही केला. सेकंदाला एक थेंब धरला तर दिवसाला चार लिटरच्या वर. गरम बाजू गळत असती आणि हिवाळा असता तर तेवढं पाणी तापवायला महिन्याला साधारण पाच युनिट वीज फुकट गेली असती. म्हणजे गार बाजू गळाली हे नशीबच.

निवृत्त_फिटर | गुरुवार, रात्री १०.२०

शाबास. गच्चीवरचा गेट व्हॉल्व्ह काढून बॉल व्हॉल्व्ह लावून घ्या, पाव फेऱ्यात बंद होतो. आणि वर्षातून दोनदा उघड-बंद करा, वापरला नाही की क्षाराने तोही धरतो.

एक विचारायचं राहिलं. फोटो काढला होता ना?

गिरणाकाठ | गुरुवार, रात्री १०.२६

काढला. डबी बाहेर आल्यावर. हातात धरून. आनंदाच्या भरात.

निवृत्त_फिटर | गुरुवार, रात्री १०.२८

मग गरम-गार बाजू बरोबर आहेत का? काही बॉडीत डबीच्या बुडाच्या खुंट्या सुलट-उलट दोन्ही प्रकारे बसतात.

गिरणाकाठ | गुरुवार, रात्री १०.३३

ते आता डिसेंबरातच कळेल काका. थोरली बहीण संध्याकाळीच आली, अंघोळ करून बाहेर आली आणि म्हणाली, "लालकडे फिरवलं तरी गरम, निळ्याकडे फिरवलं तरी गरम, तू दिवसभर नेमकं काय दुरुस्त केलंस?"

निवृत्त_फिटर | गुरुवार, रात्री १०.३९

डिसेंबर कशाला? गीझरचा अँगल कॉक बंद करा आणि दांडी पूर्ण लालकडे नेऊन उचला. सुलट बसलं असेल तर पाणी येणार नाही.

गिरणाकाठ | गुरुवार, रात्री १०.५२

धो धो आलं.

आखाजी झाली की फिरवतो. गॅरेजवाल्याला सॉकेट अजून परत केलेलं नाही.